वाटाणी केंडाची मत्स्यपेटी : निगा व निरीक्षण

कोकण किनाऱ्यावरील मुलास ‘केंड’ म्हणजे कोणता मासा हे सांगावे लागत नाही. जाळ्यात सापडताच पोट फुगवून चेंडूसारखा होणारा, बळकट दातांनी जाळ्याचा दोरा कुरतडणारा आणि त्याच जाळ्यातील माकुलांची नासाडी करणारा हा मासा मच्छीमार बांधवांस नकोसा झालेला आहे. विषारी असल्याकारणाने तो त्यांच्या ताटातही येत नाही. घाटावरील मुलास मात्र केंड ठाऊक असतो तो पुस्तकातील चित्रावरून किंवा मोबाईलच्या पडद्यावरून. अलीकडे याच कुळातील एक अगदी लहान, गोड्या पाण्यात राहणारा मासा शोभेच्या माशांच्या दुकानांतून मिळू लागला असून आपल्यापैकी काही शिक्षकांनी तो घरी आणि क्वचित शाळेतही पाळला आहे. शाळाभेटीच्या प्रसंगी या माशाविषयी जे प्रश्न वारंवार विचारले जातात, त्यांची उत्तरे एकत्र द्यावीत या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

हा मासा प्रत्येक शाळेने पाळावा असे सुचविण्याचा मुळीच उद्देश नाही. ज्या शिक्षकास आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी बदलण्यास सवड नाही, त्याने केंड पाळू नये. त्याने गप्पी मासे पाळावेत. ते काटक असतात, ग्रामपंचायतीकडून किंवा आरोग्य केंद्राकडून सहज मिळतात आणि मुलांना शिकविण्यासारखे त्यांच्यातही पुष्कळ असते. केंड हा नाजूक मासा आहे. मात्र ज्याची नीट निगा राखली गेली असा वाटाणी केंड चार-पाच वर्षे जगतो. म्हणजे पहिलीत आलेल्या मुलाने जो मासा प्रथम पाहिला, तोच मासा ते मूल प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गात जाईपर्यंत त्याच्यासमोर असतो. बहुतेक मत्स्यपेट्यांमधील मासे चार-पाच महिनेही टिकत नाहीत, यात दोष माशांचा नसतो.

माशाची ओळख

दुकानदार यास ‘पी पफर’ म्हणतात. पूर्ण वाढलेला मासा जेमतेम अडीच ते तीन सेंटिमीटर लांब, म्हणजे फुगला तर टपोऱ्या वाटाण्यासारखा दिसतो, म्हणून या लेखात त्यास ‘वाटाणी केंड’ म्हटले आहे. त्याचे शास्त्रीय नाव ‘कॅरिनोटेट्राओडॉन ट्रावनकोरिकस’ असे आहे. सुंदरलाल होरा व के. के. नायर या भारतीय मत्स्यशास्त्रज्ञांनी १९४१ साली त्याचे प्रथम वर्णन केले, ते त्रावणकोर संस्थानातील पंपा नदीत मिळालेल्या नमुन्यांवरून. नावातील ‘ट्रावनकोरिकस’ हा शब्द त्यावरूनच आला. केरळातील आणि कर्नाटकाच्या दक्षिण भागातील पश्चिमवाहिनी नद्यांखेरीज हा मासा जगात अन्यत्र कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही. ज्या सह्याद्रीच्या कुशीत आपली खेडी वसली आहेत, त्याच पर्वतरांगेच्या दक्षिण टोकाचा हा रहिवासी आहे, ही गोष्ट भूगोलाच्या तासाला नकाशावर अवश्य दाखवावी.

याच ठिकाणी दुसरी एक गोष्टही मुलांना सांगितली पाहिजे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या लाल यादीत या माशाची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात झाली आहे. नद्यांची बिघडत चाललेली स्थिती हे त्याचे एक कारण आहे आणि शोभेसाठी होणारी नैसर्गिक पाण्यातील पकड हे दुसरे. यास्तव मासा घेताना तो पेटीत पैदा झालेला आहे की नदीतून पकडलेला, हे दुकानदारास स्पष्टपणे विचारावे आणि पैदाशीचाच मासा मागावा. नदीतून पकडलेले मासे बहुधा पोट खपाटीस गेलेले व आतड्यात कृमी असलेले असतात, त्यामुळे स्वार्थाच्या दृष्टीनेही पैदाशीचा मासा घेणेच शहाणपणाचे ठरते.

खरेदीच्या वेळी आणखी एका बाबतीत फसगत होते. हिरवट पिवळ्या पाठीवर काळे ठिपके असलेला एक केंड दुकानांत गोड्या पाण्यातच ठेवलेला असतो. तो लहानपणी मोहक दिसतो; परंतु तो खाडीच्या पाण्यातील मासा आहे. तो सुमारे पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि वयाबरोबर त्यास मचूळ, क्षारयुक्त पाण्याची आवश्यकता भासते. गोड्या पाण्यात तो काही महिने कसाबसा राहतो व मग रोगट होऊन मरतो. आफ्रिकेतील नाईल आणि काँगो या नद्यांतील केंड तर हातभर व त्याहून मोठे होतात. नवशिक्याने त्यांच्या वाटेस जाऊ नये.

केंडाच्या कुळाचे शास्त्रीय नाव ‘टेट्राओडॉन्टिडी’ म्हणजे ‘चार दातांचे’. वरच्या जबड्यात दोन व खालच्या जबड्यात दोन अशा चार दंतपट्ट्या असून त्या मिळून पोपटाच्या चोचीसारखे हत्यार तयार होते. या अंगास इतर माशांसारखे खवले नसतात, पोटाखालचे जोडपर नसतात आणि बरगड्याही नसतात. बरगड्या नाहीत म्हणूनच पोट एवढे फुगू शकते, हे मुलांच्या लगेच ध्यानात येते. मागील बाजूचे पाठीवरचे व पोटाखालचे पर अतिशय वेगाने हलवून तो पाण्यात एकाच जागी स्थिर राहू शकतो आणि मागेही सरकतो. त्याचे दोन डोळे निरनिराळ्या दिशांना स्वतंत्रपणे फिरतात. पेटीजवळ कोणी गेले की तो पुढे येऊन काचेतून बाहेर पाहू लागतो. आपण माशाचे निरीक्षण करीत आहोत की मासा आपले, असा प्रश्न अशा वेळी पडतो.

पेटी व जागा

एका केंडास निदान वीस लिटर पाणी असावे. दोन नर लहान पेटीत एकत्र ठेवल्यास बलवान नर दुसऱ्यास जगू देत नाही. सहा माशांचा लहानसा कळप ठेवावयाचा झाल्यास पंचाहत्तर लिटरांहून मोठी व वनस्पतींनी दाट भरलेली पेटी हवी. शाळेकरिता साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच अशी पेटी घेऊन तीत एक नर व दोन माद्या ठेवणे मला योग्य वाटते. पूर्ण वाढलेल्या नराच्या पोटाच्या मध्यभागी एक गडद रेघ असते आणि डोळ्यांमागे बारीक सुरकुत्या दिसतात. मादी अधिक गोल असून तिच्या अंगावर ठिपके असतात. गोलाकार काचेचे भांडे अजिबात वापरू नये. त्यात पाणी थोडे राहते आणि पाण्याचा हवेशी येणारा पृष्ठभागही अपुरा पडतो.

वरील पेटी सत्तावीस सेंटिमीटर उंचीपर्यंत भरली तर तीत किती पाणी मावेल, हे पाचवी-सहावीच्या मुलांकडून काढून घ्यावे. उत्तर ४८,६०० घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेअठ्ठेचाळीस लिटर येते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम, त्यात काच व वाळू मिळविली की ही पेटी साठ किलोंच्या आसपास जाते. घनफळाचे उदाहरण येथेच न थांबता पुढचा प्रश्न विचारावा : आपल्या वर्गातील कोणते टेबल हा भार पेलील? कुरकुरणाऱ्या टेबलावर ठेवलेली मत्स्यपेटी मुलांच्या अंगावर कोसळण्याचा धोका असतो, हे शिक्षकांनी विसरू नये. उन्हाची तिरीप थेट पडेल अशा खिडकीजवळही पेटी ठेवू नये; पाणी तापते व शेवाळ माजते.

तळाशी धुतलेली बारीक वाळू, मध्ये थोडे गुळगुळीत दगड, आणि हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया किंवा जावा मॉस यांसारख्या पाणवनस्पती भरपूर असाव्यात. केंडास आडोसा लागतो. उघड्याबोडक्या पेटीत तो काचेला तोंड लावून दिवसभर खालीवर फेऱ्या मारीत राहतो. हे खेळणे नसून अस्वस्थतेचे लक्षण आहे. पेटीवर जाळीचे झाकण असावे. केंडाबरोबर गप्पी किंवा लांब परांचे अन्य मासे ठेवू नयेत, कारण तो त्यांचे पर तोडतो.

पाणी

मत्स्यपालनात खरे पाहता मासा पाळावयाचा नसतो, पाणी पाळावयाचे असते. यास्तव या भागाकडे विशेष लक्ष द्यावे.

आपल्या गावांतील नळाच्या पाण्यात टी.सी.एल. पावडर टाकलेली असते. माणसाच्या आरोग्यासाठी ती आवश्यकच आहे. परंतु त्यातील क्लोरीन माशाच्या कल्ल्यांस जाळतो. नळाचे पाणी रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या टबात उघड्यावर निदान चोवीस तास ठेवावे व अधूनमधून ढवळावे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ज्या ओ.टी. चाचणीने पाण्यातील क्लोरीन पाहतो, तीच चाचणी त्याच्याकडून मुलांसमोर करवून घ्यावी. ताज्या पाण्यात थेंब टाकताच पिवळा रंग येतो. साठविलेल्या पाण्यात तो येत नाही. पिवळेपणाची छटाही दिसली तर ते पाणी आणखी एक दिवस ठेवावे. छटा दिसेनाशी झाल्यावरही एक दिवस जाऊ दिल्यास अधिक चांगले. घाई असल्यास दुकानात मिळणारे क्लोरीननाशक औषध सांगितलेल्या प्रमाणात वापरता येते. पाणी तांब्याच्या हंड्यात मात्र साठवू नये. तांब्याचा अंश माणसास बाधत नाही एवढा असला तरी गोगलगायींना व केंडांना तो घातक ठरू शकतो.

दुसरा शत्रू डोळ्यांस दिसत नाही. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच उरलेल्या अन्नाच्या कुजण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. नव्या पेटीतील पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असूनही मासे चौथ्या-पाचव्या दिवशी मान टाकतात, याचे कारण बहुधा हेच असते. निसर्गात काही जिवाणू या अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये करतात. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे करून दाखविले. शेतात घातलेल्या शेणखताचे पिकास उपयोगी खत होते ते याच क्रियेने. अमोनिया विषारी, नायट्राइटही विषारी, नायट्रेट मात्र अल्प प्रमाणात सोसण्यासारखे. हे जिवाणू गाळणीच्या स्पंजावर, वाळूवर व काचेवर वस्ती करतात आणि ती वस्ती पुरेशी होण्यास चार ते सहा आठवडे लागतात.

यावरून क्रम आपोआप ठरतो. प्रथम पेटी, पाणी, वनस्पती व हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी यांची मांडणी करावी. रोज चिमूटभर माशांचे खाद्य पाण्यात टाकून ते कुजू द्यावे. त्यातून जिवाणूंना अमोनिया मिळतो. एखाद्या परिचिताच्या जुन्या, निरोगी पेटीतील वापरलेला स्पंज मिळाल्यास हे काम पुष्कळच लवकर होते. दुकानात मिळणाऱ्या चाचणीसंचाने अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आहेत अशी सलग आठवडाभर खात्री झाल्यावरच मासे आणावेत. सहा आठवडे माशांवाचून पेटीकडे पाहत बसणे मुलांस कठीण जाते, हे मान्य आहे. परंतु एका संचाच्या साहाय्याने दर दोन दिवसांनी केलेली चाचणी व तिचा फलकावर काढलेला आलेख, यांतून ती प्रतीक्षाच एक उत्तम पाठ होते : अमोनियाची रेघ वर चढते व उतरते, तिच्यामागून नायट्राइटची चढते व उतरते, आणि शेवटी नायट्रेटची रेघ चढू लागते. दख्खनच्या विहिरींचे पाणी बहुतेक ठिकाणी जड व अल्कधर्मी असते. वाटाणी केंडास ते चालते. मात्र अशा पाण्यात तेवढाच अमोनिया अधिक विषारी ठरतो, एवढे ध्यानात ठेवावे.

पुढे दर आठवड्यास एकतृतीयांश पाणी बदलावे. वरील पेटीत ते सुमारे सोळा लिटर होते. नवे पाणी जुन्या पाण्याइतक्याच उष्णतेचे असावे. काढलेले पाणी फेकू नये, शाळेच्या परसबागेत घालावे. नायट्रेट असलेले हे पाणी पालेभाज्यांना मानवते. स्पंज महिन्यातून एकदा, याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळून धुवावा. नळाखाली धुतल्यास क्लोरीनने जिवाणूंची वस्ती मरते आणि आपण पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. ‘सर्व पाणी ओतून पेटी साबणाने लखलखीत घासली’ असे काही शिक्षक अभिमानाने सांगतात. माशाच्या दृष्टीने याहून मोठी आपत्ती नाही.

पाण्याची उष्णता बावीस ते अठ्ठावीस अंश सेल्सियसच्या दरम्यान राहावी. कोकणात हे सहसा साधते. देशावर व विदर्भात मात्र डिसेंबरच्या रात्री पाणी फार थंड होते, तेव्हा लहान विद्युत तापक लागतो. आणि मे महिन्यात ते तीस अंशांपलीकडे जाते, तेव्हा झाकण काढून जाळी ठेवावी व पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा घ्यावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते. माठातील पाणी का गार होते, हा जुना प्रश्न येथे पुन्हा विचारता येईल. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून उन्हाळ्यात वीज गेली की बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा. पेटी असलेल्या खोलीत डास मारण्याचे फवारे वा उदबत्ती लावू नये व गावात धूरफवारणी होताना खिडक्या मिटून पंप तेवढा वेळ बंद ठेवावा. त्या औषधांचे अल्पसे प्रमाणही माशांस मारक आहे.

अन्न

१८५० साली लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एका भांड्यात सोनमासे व व्हॅलिस्नेरिया ठेवली होती. वनस्पतीची पाने कुजून पाणी खराब होऊ लागले तेव्हा त्यांनी त्यात तळ्यातील गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने खाल्ली आणि पाणी निवळले. मासा, वनस्पती व गोगलगाय या त्रयीवर घरगुती मत्स्यपेटीची कल्पना उभी राहिली. केंडाच्या पेटीत मात्र ही त्रयी टिकत नाही, कारण केंड गोगलगाय खाऊन टाकतो. साफसफाईचे तिचे काम येथे शिक्षकास करावे लागते.

वाटाणी केंड मांसाहारी आहे. पुड्यांतून मिळणारे कोरडे खाद्य तो बहुधा तोंडातही घेत नाही, घेतले तरी थुंकून टाकतो. लहान शंखी गोगलगायी, पाणपिसवा, गोठविलेले ब्लडवर्म, बारीक चिरलेले गांडूळ व डासांच्या अळ्या हे त्याचे अन्न. दिवसातून एकदा किंवा दोनदा, पोट किंचित गोल दिसेपर्यंत द्यावे आणि उरलेले दहा-पंधरा मिनिटांनी काढून टाकावे. केंड हा अधाशी मासा आहे. तो नेहमीच भुकेल्यासारखा पाहतो. त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, पोटावर ठेवावा.

गोगलगायींसाठी एक वेगळी बरणी ठेवावी. वाफवलेल्या पालकाच्या एका पानावर त्या झपाट्याने वाढतात. ओढ्यातून आणलेल्या गोगलगायी थेट माशास देऊ नयेत. त्यांच्या अंगी परजीवी असू शकतात. यकृतात होणाऱ्या पर्णकृमीचा प्रवास गोगलगायीतूनच गुरांपर्यंत होतो, हे पशुपालक घरातील मुलांना ठाऊक असते. बरणीत जन्मलेली दुसरी पिढी द्यावी. बरणी हाताळल्यावर आणि पेटीत हात घालण्यापूर्वी व नंतरही हात धुवावेत. पेटीत घालण्यापूर्वी धुताना साबण वापरू नये.

डासांच्या अळ्यांविषयी विशेष सावधगिरी हवी. खेड्यात हे अन्न फुकट मिळते, आणि अळ्या गोळा करणे हे डेंग्यूविरोधी कामही होते. तरीपण माशांकरिता म्हणून अळ्यांची पैदास कधीही करू नये. पिंपातील पाणी गाळून मिळालेल्या अळ्या मोजून, त्याच दिवशी व पाच मिनिटांत खाल्ल्या जातील एवढ्याच द्याव्यात. ज्या साठ्यात आरोग्य कर्मचाऱ्याने अबेट टाकले आहे, तेथील अळ्या घेऊ नयेत. किती अळ्या आणल्या, किती दिल्या व किती मारून टाकल्या, याचा हिशेब एका मुलाकडे सोपवावा. एका शिक्षिकेच्या वर्गात या हिशेबातूनच असे उघड झाले की शाळेजवळच्या एका पिंपात दर सोमवारी अळ्या सापडतात. मग मुलेच ते पिंप दर शनिवारी उपडे करू लागली.

कठीण कवचाचे अन्न का द्यावयाचे, तर केंडाचे दात आयुष्यभर वाढतात. उंदरा-सशांच्या दातांप्रमाणे ते झिजावे लागतात. मोठ्या जातींत मऊ अन्नावर ठेवलेल्या माशाचे दात इतके वाढतात की तोंड उघडेनासे होते आणि मासा अन्नासमोर उपाशी मरतो. वाटाणी केंडात ही तक्रार कमी आढळते, तथापि आठवड्यातून दोन-तीनदा गोगलगाय द्यावीच.

फुगणे

पेटी वर्गात आली की मुलांची पहिली मागणी असते, ‘गुरुजी, तो फुगवून दाखवा.’ या मागणीस ठाम नकार द्यावा.

केंड फुगतो तो भीतीने. संकट जवळ आले आणि पळण्यास वाट उरली नाही की तो भराभर पाण्याचे घोट घेतो. त्याचे जठर अत्यंत लवचीक असून अन्नपचनाऐवजी पाणी साठविण्याचे काम करते. शरीर गोल झाले, कातडीतील बारीक काटे उभे राहिले की भक्षकाच्या तोंडात तो मावत नाही. हा शेवटचा उपाय आहे, आणि तो स्वस्त नाही. समुद्रातील एका लहान केंडावर ऑस्ट्रेलियात झालेला व २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास असे दाखवितो की फुगण्याच्या काळात माशाचा ऑक्सिजनचा वापर विश्रांतीच्या सुमारे पाचपट होतो आणि तो पूर्ववत होण्यास पाच-सहा तास जातात. पाण्याबाहेर काढलेला केंड पाण्याऐवजी हवा गिळतो. ती हवा त्यास पुष्कळदा बाहेर टाकता येत नाही व तो पोट वर करून तरंगत राहतो.

एका शाळेत पाहुण्यांस गंमत दाखविण्याकरिता सकाळपासून तीन वेळा मासा जाळीने बाहेर काढण्यात आला होता. तिसऱ्या दिवशी पेटी रिकामी झाली. ज्या मुलांनी दोन महिने त्या माशास अन्न दिले होते, त्यांना याचे कारण सांगण्यास कोणी पुढे आले नाही. मुलांना कारण सांगणे प्राप्त होते.

निरोगी, निर्धास्त केंड महिनोन्‌महिने एकदाही फुगत नाही. क्वचित एखादा मासा एकांतात, कोणीही न छेडता फुगून पुन्हा पूर्ववत होतो. ते दिसले तर दिसले. मासा एका पेटीतून दुसरीकडे न्यावयाचा असल्यास जाळीऐवजी वाटीने, पाण्यासकट उचलावा. काचेवर टिचकी मारू नये, हा नियम मुलांच्या हस्ताक्षरात लिहून पेटीवर लावावा. शिक्षकाच्या पाटीपेक्षा त्यास अधिक मान मिळतो, असा अनुभव आहे.

निरीक्षण-वही

‘मासा सुंदर आहे. मासा पाण्यात पोहतो.’ अशी वाक्ये मी अनेक वह्यांतून वाचली आहेत. यास निरीक्षण म्हणता येत नाही. पेटीकडे न पाहताही ती लिहिता येतात. मुलास एक लहान प्रश्न द्यावा व पाच मिनिटे पाहू द्यावे. एक डोळा पुढे असताना दुसरा कोठे असतो? गोगलगाय कवचात असताना मासा काय करतो? चौथीतील एका मुलीने या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिले होते, ‘तो वाट बघतो. ती बाहेर आली की मगच चावतो.’ कोणत्याही पुस्तकातून उतरवून न घेतलेले हे वाक्य आहे व ते खरे आहे. अन्न दिल्याची वेळ, पाण्याची उष्णता, खाल्लेल्या गोगलगायींची संख्या व पोटाचा आकार, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. पोटाचे चित्र रोज काढावयास सांगितल्यास आजाराची चाहूल मुलांनाच प्रथम लागते.

आजार आणि विष

पोट आत ओढलेले, रंग काळवंडलेला, पर मिटलेले, विष्ठा पांढरी व दोऱ्यासारखी, अशी लक्षणे दिसताच प्रथम औषधाकडे न धावता पाणी तपासावे. पुष्कळसे आजार पाणी बदलण्याने थांबतात. पांढऱ्या विष्ठेसह पोट खपाटीस जात असेल तर ते कृमींचे लक्षण समजून जाणकाराचा सल्ला घ्यावा. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आल्यास तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होय. केंडास खवले नसल्यामुळे औषध अंगात लवकर भिनते. तांबेयुक्त औषधे पूर्णतः टाळावीत व अन्य औषधे जाणकारास विचारूनच, कमी मात्रेने सुरू करावीत. नवा मासा तीन आठवडे वेगळ्या पेटीत ठेवल्याखेरीज जुन्यांत सोडू नये.

पालक ज्याविषयी हमखास विचारतात, ते विष. समुद्रातील अनेक केंडांच्या यकृतात, अंडाशयात व कातडीत टेट्रोडोटॉक्सिन नावाचे विष असते. जपानी शास्त्रज्ञ ताहारा यांनी १९०९ मध्ये ते नाव दिले. हे विष मज्जातंतूंतील सोडियमचा मार्ग अडविते, त्यामुळे संदेशवहन थांबते, स्नायू लुळे पडतात व श्वास बंद होतो. शिजविल्याने ते नाहीसे होत नाही आणि त्यावर उतारा उपलब्ध नाही. जपानात हा मासा रांधण्यास परवाना लागतो. गोड्या पाण्यातील काही जातींतही विष आढळलेले आहे. पेटीतील माशास पाहिल्याने किंवा पाण्यास हात लागल्याने विषबाधा होत नाही, हे पालकांस निःशंकपणे सांगावे. परंतु मेलेला केंड मांजरास वा कोंबड्यांस टाकू नये, जमिनीत खोल पुरावा. किनाऱ्यावरील शाळांनी हा धडा अधिक काळजीने घ्यावा, कारण वाळूत पडलेला केंड घरी नेणारे मूल तेथे असू शकते.

मासा नकोसा झाला म्हणून विहिरीत, ओढ्यात किंवा धरणात सोडणे हा मार्ग नव्हे. तो तेथे बहुधा मरेल. न मेल्यास तेथील जिवांना अपाय करील आणि त्याच्याबरोबर पेटीतील रोगही नदीत जातील. वनस्पतींविषयीही हेच. दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावा किंवा दुकानदारास परत करावा.

सुट्ट्या

वाटाणी केंड दोन-तीन दिवस अन्नावाचून राहू शकतो, त्यामुळे शनिवार-रविवारची अडचण येत नाही. दिवाळीची व उन्हाळ्याची सुट्टी मात्र त्यास सोसणारी नाही. पेटी जागेवरून हलविणे हिताचे नसते. म्हणून मुळात जेथे वर्षभर कोणीतरी राहते अशाच जागी ती मांडावी. शिक्षक गावात राहत असतील तर त्यांच्या घरी ठेवून मुलांना आठवड्यातून दोनदा तेथे नेणे, हा मला सर्वांत चांगला मार्ग वाटतो. शिक्षक तालुक्याच्या गावाहून ये-जा करीत असतील व शाळेजवळ जबाबदारी घेणारे घर नसेल, तर केंड आणू नये. सुट्टीत काम पाहणाऱ्या पालकास एका दिवसाच्या अन्नाची एक याप्रमाणे गोठविलेल्या ब्लडवर्मच्या लहान पुड्या करून द्याव्यात, प्रत्येकीवर तारीख घालावी, आणि साठविलेल्या पाण्याचा टब भरून ठेवावा. बदलीचा आदेश आल्यास पेटी, वही व चाचणीसंच या तिन्हींचा ताबा नव्या शिक्षकास समक्ष द्यावा व पहिले पाणी त्यांच्याबरोबर बदलावे.